साळवी सरांचं नाक आणि डब्लिनची बाटली

आमच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या कपड्यांना वास चिकटतात. व्हॅनिला, संत्रं, वेलची, पुदिना, त्या दिवशी जे बाटलीत असेल ते. मी संध्याकाळी बसने कोपरखैरण्याला निघाले की शेजारच्या सीटवरचं पोर हमखास आईला विचारतं, "मम्मी, काकींकडे केक आहे?" काकींकडे रिकामा डबा असतो! किस्स्यांचंही तसंच होतं. रोज थोडे थोडे चिकटतात, धुतले तरी जात नाहीत, आणि कुणी "काय लता, काय विशेष?" एवढं विचारायचा अवकाश, की बाहेर पडायला लागतात.

आम्ही करतो काय ते आधी सांगते. तुर्भ्याला ट्रकांच्या रांगा ओलांडून आत गेलं की आमची छोटी कंपनी आहे. तिथे वास आणि चवी तयार होतात. तुम्ही सकाळी चहात जे बिस्किट बुडवता, त्यातली वेलची बऱ्याचदा वेलची नसते, आम्ही असतो.

* * *

आमच्याकडे नवीन माल बाहेर जायच्या आधी पॅनल बसतं. म्हणजे वेगवेगळ्या खात्यांतली माणसं एका बंद खोलीत बसून वास घेतात, चव बघतात आणि मत देतात. पॅनलच्या दिवशी नियम कडक. सेंट नाही, गजरा नाही, डोक्याला वासाचं तेल नाही, तंबाखू नाही, कांदा-लसूण नाही, मासे तर नाहीतच.

आणि दारात उभे साळवी सर. सर आमचे मुख्य नाक. हुद्दा इंग्रजीत लांबलचक आहे, पण शिपायापासून मालकापर्यंत सगळे "नाक"च म्हणायचे. सर हात मागे बांधून उभे राहायचे, आणि आपण शेजारून गेलो की नुसतं बोलायचे.

"लताबाई, आज बदामाचं तेल. बाहेर."

एकदा दिल्लीकडचे एक मोठे गिऱ्हाईक पॅनल बघायला आले. सूट, बूट, बरोबर दोन मॅनेजर. सरांनी त्यांनाही दारात थांबवलं. "साहेब, गाडीत वडापाव खाल्लात. लसणीची चटणी होती. बाहेर!" मालकांचा चेहरा पांढरा पडला. गिऱ्हाईक मात्र हसत सुटलं आणि त्यांनी ऑर्डर दुप्पट केली.

पण सगळ्यांत जास्त वेळा बाहेर गेलेला माणूस म्हणजे जनाभाऊ म्हात्रे. आमचे स्टोअरचे. बोनकोड्याचे मूळ गावकरी, आगरी. त्यांची जीभ इतकी तयार की पॅनलवर ते हवेतच, आणि सुकटीवर, म्हणजे सुक्या मासळीवर, जीव इतका की पॅनलच्या दिवशीही सुटत नाही. हात लिंबाने धुवायचे, बडीशेप चावायचे, शर्ट बदलून यायचे. काही उपयोग नाही!

"जनार्दन, सुकट. बाहेर!"

"सर, जराशी चटनी हो! पोराच्या ताटातली!"

"बाहेर!"

जनाभाऊ बाहेर बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "नाक नाय ते, पोलीस स्टेशन हाय."

* * *

गेल्या वर्षी शिमग्यानंतर सर तापाने पडले. पंधरवड्याने कामावर आले ते जरा उतरलेले, पण ठीक दिसले. पहिल्याच दिवशी पॅनल होतं. सर दारात, हात मागे. आम्ही एकेक करून आत गेलो. जनाभाऊही आत गेले. बसले.

मी त्यांच्या शेजारी होते. सुकटीचा वास मला येत होता! मी म्हणजे काही मोठं नाक नाही, पण येत होता. आमच्या खारघरच्या केमिस्ट तन्वीनेही माझ्याकडे बघितलं. सर दारातच उभे होते. काही बोलले नाहीत.

जनाभाऊंनी जरा वेळ वाट पाहिली. मग ते आपणहून उठले, बाहेर जाऊन त्या बाकावर बसले.

सरांचं नाक गेलं होतं. फोडणीचा नाही, फिनेलचा नाही, कशाचाच वास येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "येईल कदाचित. रोज लवंग, लिंबू, गुलाबपाणी, निलगिरी हुंगत राहा. नाकाला शाळेत घालायचं असं समजा." मालक माणूस म्हणून चांगले. त्यांनी सांगितलं, दिवाळीनंतर दरवर्षीप्रमाणे पॅनलची परीक्षा होईल, तोपर्यंत खुर्ची तुमची. तिच्यात पास झाला नाहीत, तर मात्र खरेदीत, पर्चेसमध्ये बसावं लागेल. सर "हो" म्हणाले. ज्या माणसाने उभं आयुष्य वास घेतला त्याने ड्रमचे भाव विचारत बसायचं!

* * *

मे महिन्यात सरांची मुलगी मधुरा डब्लिनहून सुटीवर आली. ती तिथे नोकरी करते. येताना बाबांसाठी तिने आयरिश व्हिस्कीची बाटली आणली. म्हणाली, "बाबा, तिथे सगळे सांगतात हिच्यात मध आहे, सफरचंद आहे, काय काय आहे. मला कुणाचं पटत नाही. तुम्ही सांगाल ते खरं."

ती परत गेल्यावर सर बाटली घेऊन लॅबमध्ये आले आणि जनाभाऊंसमोर ठेवून म्हणाले, "तू घे. मला पाणी काय नि ही काय."

जनाभाऊंनी बाटलीकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत जे काही आलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही, इतकं प्रेम होतं. तरी त्यांनी बाटली परत सरकवली.

"नाय सर. पोरीनं तुमच्याकरता आनलीय. तुमी सांगायचा काय हाय हिच्यात. तवर आमी बसू तुमच्यासंगं."

तिथेच ठरलं. महिन्यातून एक शनिवार, संध्याकाळी पाच वाजता, सरांच्या खारघरच्या घरी. सर, जनाभाऊ, तन्वी आणि मी. बाटली आधी सरांच्या नाकाखाली, मग बाकीच्यांकडे. आणि पॅनलचे सगळे नियम लागू!

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. आमचे हे मार्केटला कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर हिशेबनीस. साताऱ्याचं सरळमार्गी माणूस, सुपारीसुद्धा खात नाहीत. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "वासच घेणार ना?"

"वास पण, चव पण."

"मग न्यायला मी येतो. पण वर येणार नाही. अंगाला कांद्याचा वास असतो, तुमचे सर हाकलतील."

मला भरून आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे असं पहिल्यांदाच काही बोलले.

* * *

पहिल्याच बैठकीला कळलं, की माणसं कितीही मोकळी झाली तरी सवय जात नाही. तन्वीने पर्समधून वास घ्यायच्या कागदी पट्ट्या काढल्या. आम्ही पट्ट्या व्हिस्कीत बुडवल्या, हवेत हलवल्या, हुंगल्या. मग एकेक घोट तोंडात घेतला, घोळवला, आणि मी, तन्वी, सर, तिघांनीही शिस्तीत पेल्यात थुंकून टाकला! पॅनलवर तसंच करतात, गिळायचं नसतं.

जनाभाऊ आमच्याकडे बघत राहिले. त्यांचा घोट केव्हाच पोटात गेला होता.

"थुकलात?"

"सवय हो, जनाभाऊ."

"आमच्यात हलदीला प्यायला बसल्यावर कोनी असा थुकला ना, तर लगीन लागंपर्यंत त्याच्याशी कोनी बोलत नाय!"

साळवी वहिनी आतून बाहेर आल्या, ते पेले बघितले आणि म्हणाल्या, "मधुरा ऐकेल तर पुढच्या वेळी खोकल्याचं औषध आणेल."

* * *

वहिनींचंही सांगायला हवं. बैठकीच्या दिवशी त्यांच्या घरात फोडणी बंद, अगरबत्ती बंद, शेजाऱ्यांनी मासे तळले तर खिडकी बंद. जेवायला दहीपोहे. एकदा मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला त्रास."

त्या म्हणाल्या, "अगं, इतकी वर्षं हे जेवायला बसायच्या आधीच सांगायचे, हिंग जास्त झालं, खोबरं जुनं आहे. वैताग यायचा. आता माझ्या आमटीला कुणी नावं ठेवत नाही. घर सुनं वाटतं बघ."

एवढं बोलून आत गेल्या आणि भांडी जरा जास्तच जोरात घासू लागल्या.

* * *

दुसऱ्या बैठकीला तन्वी तयारी करून आली. मोबाईल काढून वाचायला लागली, "क्रिस्प ग्रीन ॲपल, पेअर, टोस्टेड ओक, लाँग फिनिश..."

"तन्वी," सर म्हणाले, "पेअर किती वेळा खाल्लंस?"

"एकदा. विमानात."

"मग ते तुझं नाही. तुझं काय आहे ते सांग."

त्या दिवसापासून नियम झाला. दुसऱ्याचा शब्द वापरायचा नाही, आणि जे येत नाही ते येतं म्हणायचं नाही. ग्लासात थोडं पाणी घालायचं, नाक फार आत खुपसायचं नाही, तोंड किंचित उघडं ठेवायचं, आणि आपल्या घरचा वास शोधायचा.

मी डोळे मिटले. पाण्याचे थेंब पडल्यावर तो वास मऊ झाला होता आणि मी एकदम माहेरी पोचले. "गुऱ्हाळ," मी म्हटलं. "काहिलीतला रस उकळून मळी काढून झालीय, अजून गूळ झालेला नाही. तेव्हाचा."

जनाभाऊंनी ग्लास पुन्हा नाकाशी नेला. "खळा हाय," ते म्हणाले. "भात झोडल्यावर पेंढा उन्हात पडतो ना, त्याचा. आमचा खळा होता तिथं आता सेक्टर हाय. इतक्या वर्सांनी आला बगा. आयर्लंडवरशी!"

तन्वी कितीतरी वेळ ग्लास फिरवत होती. शेवटी लाजत म्हणाली, "आमच्या नवीन फ्लॅटचं पझेशन मिळालं, तेव्हा आईने पहिल्यांदा कपाट उघडलं. तो."

सर आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. "तिघांनी बरोबर सांगितलं असणार," ते म्हणाले. "धान्य, गोडवा, लाकूड. सगळं आलं." मग त्यांनी आपला ग्लास हुंगला आणि हळूच खाली ठेवला.

* * *

जनाभाऊंची एक रीत आहे. पहिला घोट घ्यायच्या आधी बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर शिंपडायचे, वाडवडिलांसाठी. तन्वी पहिल्यांदा ओरडलीच, "अहो, एवढी महागाची!" मग तिनेच वाचून दाखवलं, की व्हिस्की पिंपात मुरत असताना दरवर्षी थोडी उडून जाते आणि तिकडची माणसं त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात.

जनाभाऊ खूश. "म्हंजे तिथं पन देतात! फक्त ते आधी देतात, आमी नंतर."

वहिनी फडकं घेऊन आल्या. "पितर आणि देवदूत, दोघांना मिळून एकच फरशी ठरवा. दर वेळी नवीन फरशी चिकट होतेय."

ती फरशी ठरली. टीव्हीच्या खालची.

* * *

श्रावण संपला त्या महिन्यातली गोष्ट. सरांनी ग्लास हुंगला आणि थांबले. पुन्हा हुंगला.

"मध," ते म्हणाले.

आम्ही तिघं उभेच राहिलो! जनाभाऊंनी मला मिठी मारायला हात पसरले आणि ऐनवेळी सोफ्याला मारली. वहिनी आतून धावत आल्या. आणि सरांनी आमचे चेहरे बघून मान खाली घातली.

"बाटलीवर लिहिलंय," ते म्हणाले. "तुम्ही दर महिन्याला येता. मला वाटलं, एकदा तरी..."

तन्वी रडायला लागली. रागाने. "सर, नियम तुम्ही केला होतात! येत नसेल तर नाही म्हणा. आम्ही वर्षभर येऊ, दोन वर्षं येऊ, पण खोटं नका बोलू!" आपल्या साहेबांना कुणी असं बोलतं का? पण ती बोलली, आणि बरोबर बोलली. मग तिने बाटलीचं लेबल नखांनी खरवडून काढलं. सगळं. बाटली उघडीबोडकी.

निघताना सर तिला म्हणाले, "पुढच्या महिन्यात ये."

"येणारच आहे," ती म्हणाली आणि चप्पल न घालताच लिफ्टमध्ये शिरली. परत यावं लागलं.

* * *

पुढच्याच महिन्यात सरांनी ग्लास तोंडाजवळ नेला आणि झटकन दूर केला.

"शी!"

"काय झालं?"

"घाण. रबर जळल्यासारखं. टायर."

आम्ही आपापला ग्लास हुंगला. आमच्या ग्लासात गुऱ्हाळ, खळं आणि कपाट जागच्या जागी होतं. सर पुन्हा हुंगून पुन्हा "शी!" म्हणाले. मग लवंग हुंगली, तिलाही टायर. गुलाबपाणी, टायर! माणूस हवालदिल झाला. पण तन्वीने तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. डॉक्टर म्हणाले, "अरे वा! चुकीचा का होईना, वास येतोय ना? नाक जागं होतंय. झोपेतून उठलेला माणूस सुरुवातीला काहीही बरळतो."

सोमवारी जनाभाऊ पेढ्यांचा पुडा घेऊन कंपनीत आले. गेटवर, स्टोअरमध्ये, कँटीनमध्ये, सगळ्यांना पेढे! गेटवरच्या नवीन वॉचमनने विचारलं, "काय झालं, मुलगा का मुलगी?"

"टायर!" जनाभाऊ म्हणाले. "सरांना जलका टायर आला! घे, आनखी एक घे!"

वॉचमनने पेढा खाल्ला, पण दिवसभर जनाभाऊंकडे जरा सांभाळूनच बघत होता.

* * *

आता हा शेवटचा. हा मी कुणालाही सांगते, ओळख असो नसो.

दिवाळी तोंडावर आलेली. बाटलीत आमच्यापुरताच घोट उरलेला आणि पॅनलची परीक्षा जवळ आलेली. टायरचा वास कमी झाला होता, पण त्याच्या जागी दुसरं काही आलं नव्हतं. वहिनी कुरकुरत होत्या, "चकलीचं पीठ तयार आहे आणि या नाकापायी तळता येत नाही." मधुरा व्हिडिओ कॉलवर होती, तिच्याकडे दुपार होती. फोन टीव्हीला टेकवून ठेवला होता. तन्वीने चार ग्लासांत सारखी व्हिस्की ओतली आणि लेबल नसलेली बाटली उलटी करून शेवटचा थेंबही काढला.

"जनाभाऊ कुठे राहिले?" सरांनी विचारलं.

त्यांच्याशिवाय सुरू कसं करणार? थांबलो. सर आपला ग्लास हातात धरून बसले होते. नाकापाशी नेत होते, खाली आणत होते. चेहऱ्यावर काही नाही.

बेल वाजली. सरच उठले, ग्लास हातात तसाच. त्यांनी दार उघडलं.

दारात जनाभाऊ. धुतलेला शर्ट, भिजवून बसवलेले केस, हातात वहिनींसाठी झेंडूची फुलं. "सॉरी सर, उशीर झाला. पाहुने आले होते, त्यांनी जबरदस्तीनं जेवायला..."

सर हलले नाहीत. दारातून बाजूलाही झाले नाहीत. त्यांनी डावा हात मागे नेला. मग उजवा नेला, ग्लाससकट, आणि व्हिस्की सगळी फरशीवर सांडली. टीव्हीखालच्या नाही, दारातल्या फरशीवर.

"जनार्दन," सर म्हणाले.

"हां, सर?"

"सुकट."

आत वहिनींच्या हातून काहीतरी पडलं. तन्वीने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता.

"लिंबाने हात धुतलेस," सर म्हणाले. "बडीशेपही खाल्लीस. आणि तरी सुकट. बाहेर! जनार्दन, बाहेर!"

जनाभाऊ मागे सरकले. चपलांच्या रॅकला धडकले, जिन्यापर्यंत गेले आणि पायरीवर मटकन बसले. झेंडूची फुलं मांडीवर. तो एवढा मोठा माणूस दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला.

फोनवर मधुरा ओरडत होती, "बाबा? काय झालं? दिसत नाहीये मला! व्हिस्कीत काय आलं? मध का सफरचंद? कुणीतरी सांगा ना!"

तिला सांगायला कुणी जाग्यावर नव्हतं. वहिनी दाराला धरून उभ्या होत्या, सर उंबऱ्यात होते, आणि जिन्यातून जनाभाऊंचा आवाज आला.

"सर, मना परत एकदा हाकला ना!"